चार रविवारांची मुदत

नोव्हेंबर सरत आला की पाचगणीचा हंगाम सुरू होतो. स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांत पहिली फळे लाल होऊ लागतात, पसरणीच्या घाटात गाड्यांची रांग लांबत जाते, हॉटेलांच्या दर्शनी भिंतींवर दिव्यांच्या माळा चढतात. ख्रिस्ती घरांत, चर्चमध्ये आणि इथल्या जुन्या निवासी शाळांत नाताळाची लगबग याच दिवसांत असते. गाण्यांच्या तालमी, येशूजन्माच्या नाटिकेची तयारी, गव्हाणीचा देखावा, फराळ, केक, नवे कपडे, पाहुण्यांच्या याद्या. यात वावगे काहीच नाही. ज्या सणाचा आनंद घरभर दिसत नाही तो सण कसला? पण ख्रिस्ती उपासनेच्या पंचांगात या आठवड्यांना आगमनकाळ असे स्वतःचे नाव आहे आणि त्यांची स्वतःची वाचने आहेत. त्या वाचनांत गव्हाणी अगदी शेवटी येते. आधी येतो तो अरण्यात उभा राहून लोकांना खडसावणारा बाप्तिस्मा करणारा योहान. नाताळाकडे जाणारी वाट त्याच्यासमोरून जाते, आणि आपल्या तयारीत नेमका तोच सुटून जातो. पुढील पानांतली चिंतने या चार आठवड्यांसाठी आहेत. ती हाती घेण्याआधी त्यांच्या मुळाशी असलेला विचार वाचकासमोर नीट मांडणे हे या प्रस्तावनेचे काम आहे. तो विचार असा: आगमनकाळातला पश्चात्ताप मनातल्या मनात उरकता येत नाही. ज्याचे आपण काही घेतले, ज्याला दुखावले किंवा दारातून परत पाठवले, त्या माणसापर्यंत तो पोहोचावा लागतो. तिथवर जायला धैर्य लागते, पैसा लागतो आणि दिवसही लागतात. हे चार रविवार त्या कामाची मुदत म्हणून पाळावेत.

आगमनकाळ सुरू होतो तो ३० नोव्हेंबरच्या सर्वांत जवळच्या रविवारी, म्हणजे २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान. त्यामुळे त्याची लांबी दरवर्षी सारखी नसते. कधी २२ दिवस, कधी २८. ही रचना एका दिवसात ठरलेली नाही. स्पेनमधील सारागोसा येथे इ. स. ३८० मध्ये भरलेल्या धर्मसभेने १७ डिसेंबरपासून ६ जानेवारीपर्यंत कोणीही चर्चला गैरहजर राहू नये, असा नियम केला. सुमारे शंभर वर्षांनी गॉल देशातल्या तूर शहराचे बिशप पर्पेच्युअस यांनी ११ नोव्हेंबरच्या संत मार्टिनच्या सणापासून नाताळापर्यंत आठवड्यातून तीन दिवस उपवास सांगितला. सहाव्या शतकात तिकडच्या धर्मसभांनी ही प्रथा पक्की केली. रोममध्ये हा काळ आखडून चार रविवारांवर आला आणि पोप पहिले ग्रेगरी यांच्या नावाशी ही चार रविवारांची मांडणी जोडली जाते. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स चर्च आजही नाताळाआधी चाळीस दिवसांचा उपवास धरते. तपशील निरनिराळे असले तरी एक गोष्ट सगळीकडे आढळते. नाताळाचा सण जिथे जिथे रुजला, तिथे तिथे त्याच्या आधी संयमाचा काळही आला. आनंदाला आधी अंगण झाडावे लागते, ही जाण त्या सगळ्या परंपरांत आहे.

या काळातली वाचने काय सांगतात ते पाहिले की तयारीचे स्वरूप उलगडते. पहिल्या रविवारी शुभवर्तमानाचा जो भाग वाचला जातो त्यात बाळ येशू नसतो. जगाचा न्याय करायला येणाऱ्या प्रभूची चाहूल आणि जागे राहण्याचा इशारा असतो. अँग्लिकन प्रार्थनापुस्तकात या रविवारसाठी पौलाच्या रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय नेमलेला आहे. अंधारातली कामे टाकून द्या, असा त्याचा आशय आहे. त्यावर आधारलेली एक छोटी प्रार्थना १५४९ सालच्या पहिल्या प्रार्थनापुस्तकात आली, आणि १६६२ च्या आवृत्तीत ती नाताळाच्या आदल्या दिवसापर्यंत रोज म्हणण्याची सूचना जोडली गेली. याच अध्यायातल्या शेवटच्या ओळी वाचून इ. स. ३८६ मध्ये मिलान शहरात ऑगस्टिनचे आयुष्य पालटले. दुसऱ्या आणि तिसऱ्या रविवारी योहान येतो. त्याच्याविषयी लूकने जे लिहिले आहे ते मला या सगळ्या काळाचा कणा वाटते. लोक त्याला विचारतात, मग आम्ही करावे तरी काय? योहान त्यांना नवी प्रार्थना शिकवत नाही, यात्रा सांगत नाही, यज्ञही सांगत नाही. ज्याच्याकडे दोन अंगरखे आहेत त्याने एक द्यावा, अन्नाचेही तसेच करावे, असे तो सांगतो. जकातदारांना तो ठरल्यापेक्षा जास्त वसूल करू नका म्हणतो. शिपायांना तो धाकदपटशा करून पैसे उकळू नका, खोटे आळ घेऊ नका आणि आपल्या पगारात भागवा असे बजावतो. प्रश्न धर्माचा होता आणि उत्तर रोजच्या व्यवहाराचे आले. ज्याचा जो धंदा, त्याच धंद्यात त्याचा पश्चात्ताप दिसायला हवा, असा त्या उत्तराचा अर्थ आहे.

पश्चात्तापाला समोर दुसरा माणूस लागतो, हे येशूच्या शिकवणुकीतही स्पष्ट आहे. वेदीजवळ अर्पण घेऊन आलास आणि भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे असे आठवले, तर अर्पण तिथेच ठेवून आधी त्याच्याकडे जा, असे तो मत्तयाच्या पाचव्या अध्यायात सांगतो. इथे कोणाच्या मनात काय आहे हे नीट पाहावे. माझ्या मनात भावाविषयी राग आहे का, हा इथला मुद्दा नाही. त्याच्या मनात माझ्याविषयी काही सल आहे का, हा आहे. म्हणजे हिशेब दुखावलेल्याच्या वहीतून पाहायचा. लूकच्या शुभवर्तमानातल्या जक्कय या जकातदाराने तो तसाच पाहिला. येशू घरी जेवायला आला तेव्हा त्याने नुसते डोळे पुसले नाहीत. अर्धी मालमत्ता गरिबांना आणि ज्याला फसवले त्याला चौपट, असा आकडाच त्याने जाहीर केला. चोरलेल्या एका मेंढराबद्दल चार मेंढरे देण्याचा नियम मोशेच्या नियमशास्त्रात होता. जक्कयाने तो आपणहून स्वतःला लावून घेतला. तारण या घरात आले आहे, हे येशूने त्यानंतर सांगितले. या तीन प्रसंगांतून एकच सूत्र निघते. देवापुढे केलेली कबुली आणि माणसापुढे केलेली भरपाई यांची फारकत पवित्र शास्त्राला मान्य नाही.

यावर पहिली हरकत चर्चच्या आतूनच येते. पश्चात्तापासाठी ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस आहेतच, मग नाताळाच्या तोंडावर पुन्हा खिन्न चेहरा कशाला? या हरकतीत तथ्य आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर १९६९ मध्ये रोमन कॅथलिक चर्चने उपासनावर्षाचे जे नियम प्रसिद्ध केले, त्यांत आगमनकाळाचे वर्णन भक्तिपूर्ण आणि आनंदी प्रतीक्षेचा काळ असे आहे. तिसऱ्या रविवारी जांभळ्याऐवजी गुलाबी वस्त्रे वापरण्याची मुभा आहे, तीही आनंदाची खूण म्हणून. पण याच नियमांत या काळाचे दोन पदर सांगितले आहेत: पहिल्या आगमनाची आठवण आणि दुसऱ्या आगमनाची वाट. जो न्याय करायला येणार आहे त्याची वाट आनंदाने पाहायची असेल, तर त्याच्यासमोर उभे राहण्याची आपली अवस्था असली पाहिजे. जांभळा रंग त्यासाठीच टिकून आहे आणि रविवारच्या मिस्सेत ‘ग्लोरिया’ हे स्तुतिगीत म्हटले जात नाही तेही त्यासाठीच. दोन्ही काळांतला फरक मला असा दिसतो. ईस्टरच्या आधीचा पश्चात्ताप क्रुसाकडे पाहतो आणि झालेल्या अपराधाचे मोल जाणतो. आगमनकाळातला पश्चात्ताप येणाऱ्याकडे पाहतो, म्हणून त्यात घाई असते, आशा असते. कर्ज फिटल्यावर माणसाच्या चालीत जो हलकेपणा येतो तो या काळाचा आनंद आहे. आनंद आणि पश्चात्ताप यांतले एक निवडण्याची गरजच पडत नाही.

दुसरी हरकत मराठी प्रोटेस्टंट मंडळींतून येते आणि तिला आपल्याकडचा इतिहास आहे. आगमनकाळ पवित्र शास्त्रात सांगितलेला नाही, तो साहेबांच्या चर्चमधून आलेला रिवाज आहे, असे अनेकांना वाटते. हे वाटणे निराधार नाही. अमेरिकन मराठी मिशन १८१३ मध्ये मुंबईला आले, १८३१ मध्ये अहमदनगरला आणि १८४९ मध्ये साताऱ्याला त्याचे ठाणे झाले. ज्या बोस्टन परिसरातून हे मिशनरी आले, तिथल्या त्यांच्या प्युरिटन पूर्वजांनी १६५९ ते १६८१ या काळात नाताळ पाळणे हाच गुन्हा ठरवला होता आणि पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड होता. सगळे दिवस देवाचे, मग एकच दिवस पवित्र का मानायचा, असा त्यांचा सवाल होता. त्या वारशातून घडलेल्या मंडळीला मेणबत्त्यांची कडी आणि जांभळी वस्त्रे परकी वाटली तर नवल नाही. पण याच मंडळीचे पुढे काय झाले तेही पाहावे. १९७० मध्ये नागपूरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. काँग्रिगेशनल आणि प्रेस्बिटेरियन परंपरेतले युनायटेड चर्च, अँग्लिकन, बॅप्टिस्ट, ब्रदरन, मेथडिस्ट आणि डिसायपल्स अशी सहा चर्चे एक झाली. तो दिवस २९ नोव्हेंबर होता, आणि त्या वर्षी आगमनकाळाचा पहिला रविवार त्याच तारखेला आला होता. आगमनकाळ पाळणारे आणि न पाळणारे त्या रविवारी एका वेदीजवळ आले, तेही महाराष्ट्रात. जुने मतभेद विसरून एकत्र येण्याची ती घटना या काळाच्या अर्थाला साजेशीच होती.

परकेपणाचा आक्षेप आणखी मागे जाऊन तपासला तर तो आणखी ढिला पडतो. मराठीतल्या ख्रिस्ती साहित्याची पहिली मोठी कृती म्हणजे फादर थॉमस स्टीफन्स यांचे १६१६ मध्ये गोव्यात रायतूर येथे छापलेले ‘क्रिस्तपुराण’. त्याचे दोन भाग आहेत. दुसऱ्या पुराणात ख्रिस्ताचे चरित्र आहे. पण त्याआधी ३६ अध्यायांचे पहिले पुराण आहे, आणि त्यात जगाच्या उत्पत्तीपासून तारणाऱ्याची वाट पाहणाऱ्या लोकांची कथा येते. म्हणजे मराठी ओवीत ख्रिस्तजन्म ऐकण्याआधी श्रोत्याला छत्तीस अध्याय प्रतीक्षा करावी लागते. शिवाय या मातीत व्रताचा काळ नवा नाही. चातुर्मास, एकादशी, वारीआधीची तयारी या गोष्टी मराठी माणसाच्या अंगवळणी पडल्या आहेत. आगमनकाळ चालू असतो त्याच सुमारास शेजारच्या घरांत मार्गशीर्षातल्या गुरुवारांचे उपवास चालतात. ठरावीक दिवस ठरावीक नेम पाळून मन एका जागी आणायचे, हे शहाणपण कोणा एका धर्माची किंवा देशाची मालमत्ता नाही. मेणबत्त्यांची कडी तेवढी परदेशी आहे, हे खरे. पण तिचा उगमही पाहण्यासारखा आहे. हॅम्बुर्ग शहरात योहान हिन्रिख विखर्न हे पाळक अनाथ आणि गरीब मुलांसाठी घर चालवत. नाताळ कधी येणार, असे मुले रोज विचारत, म्हणून १८३९ मध्ये त्यांनी एका मोठ्या कडीवर रोज एक मेणबत्ती लावायला सुरुवात केली. ती कडी शोभेसाठी निघाली नाही. ज्यांना कोणी वाली नव्हता अशा मुलांच्या घरी निघाली. तिचा स्वीकार करायचा तर त्या मुलांसह करावा.

सातारा जिल्ह्याला या विषयात सांगण्यासारखे स्वतःचे काही आहे. कवी नारायण वामन टिळक यांचा १८९५ मध्ये बाप्तिस्मा झाला आणि पुढची अनेक वर्षे त्यांनी अहमदनगरला मिशनच्या सेवेत काढली. ‘ज्ञानोदय’ साप्ताहिकाच्या मराठी विभागाचे संपादन, भजने, कीर्तने, ‘ख्रिस्तायन’ काव्याची सुरुवात, एवढे सगळे पाठीशी असताना १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी आणि पगार सोडला, संन्यासी वृत्ती पत्करली आणि ते साताऱ्याला आले. इथे त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोघांनाही त्यात ख्रिस्ताचे अनुयायी म्हणून जागा होती. दोन वर्षांनी, ९ मे १९१९ रोजी, मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यांचा संकल्प संस्था म्हणून फार काळ टिकला नाही. तरीही त्यांच्या या पावलाकडे मी पश्चात्तापाचे उदाहरण म्हणून पाहतो, आणि तेही एका संपूर्ण मंडळीच्या वतीने केलेल्या पश्चात्तापाचे. परकीय पैशावर उभ्या राहिलेल्या मंडळीचे आपल्याच लोकांशी नाते तुटत चालले आहे, हे त्यांना दिसत होते. त्यावर लेख लिहून ते थांबले नाहीत. आपल्या पगारापासून त्यांनी दुरुस्तीला सुरुवात केली. योहानाने शिपायांना दिलेले उत्तर इथे आठवावे. त्यातही पगाराचा उल्लेख आहे. टिळक त्याच्याही एक पाऊल पुढे गेले.

पश्चात्ताप भावनेच्या भरात वाहून जातो, असे म्हणणाऱ्यांनाही उत्तर द्यायला हवे. पंडिता रमाबाईंच्या केडगाव येथील मुक्ती मिशनमध्ये १९०५ मध्ये जे जागरण झाले ते या संदर्भात नेहमी सांगितले जाते. वर्षाच्या सुरुवातीपासून तिथे प्रार्थनेचे गट जमत होते आणि जूनच्या अखेरीस शेकडो मुली आणि स्त्रिया रडत, मोठ्याने प्रार्थना करत, आपल्या पापांची कबुली देऊ लागल्या. यांतल्या अनेकजणी दुष्काळातून वाचवून आणलेल्या होत्या. त्या काळात काहींना हा प्रकार अतिरेकी वाटला, आजही वाटू शकतो. पण एखाद्या जागरणाची किंमत त्यातल्या आवाजावरून ठरवू नये. त्या मुलींचे जथे त्यानंतर आसपासच्या गावांत गेले, आणि मुक्तीतले शिक्षणाचे आणि श्रमाचे काम चालू राहिले. खुद्द रमाबाई संपूर्ण पवित्र शास्त्राचे सोप्या मराठीत भाषांतर करण्याच्या कामात आयुष्याच्या शेवटापर्यंत, म्हणजे १९२२ पर्यंत, गढून गेल्या होत्या. अश्रू आले की नाहीत, हा प्रश्न दुय्यम आहे. अश्रू सुकल्यावर माणूस कुठे चालत गेला, हे पाहावे. जो पश्चात्ताप कुठेच जात नाही त्याला भावनेचा उमाळा म्हणणे योग्य.

पाचगणीत हा प्रश्न एका वेगळ्याच ठिकाणी विचारला गेला. १९६० च्या दशकाच्या अखेरीस महात्मा गांधींचे नातू राजमोहन गांधी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथे ‘एशिया प्लॅटो’ हे केंद्र उभारले. ते ज्या चळवळीचे होते तिचे तेव्हाचे नाव मॉरल रिआर्मामेंट; आता ती इनिशिएटिव्हज ऑफ चेंज या नावाने ओळखली जाते. रोज काही वेळ शांत बसायचे, प्रामाणिकपणा, शुद्धता, निःस्वार्थीपणा आणि प्रेम या चार कसोट्यांवर स्वतःला तपासायचे, आणि जे चुकले ते दुरुस्त करायला उठायचे, ही त्यांची रीत. सर्व धर्मांचे लोक तिथे येत आले आहेत. या रीतीचे मूळ मात्र एका ल्युथरन पाळकाच्या पश्चात्तापात आहे. अमेरिकेतले फ्रँक बुकमन फिलाडेल्फियात तरुण मुलांचे वसतिगृह चालवत. पैशांवरून त्यांचे व्यवस्थापक मंडळाशी बिनसले आणि मनात कडवटपणा घेऊन त्यांनी काम सोडले. १९०८ मध्ये इंग्लंडमधल्या केसविक गावी एका छोट्या प्रार्थनामंदिरात क्रुसाविषयीचे प्रवचन ऐकताना त्यांना जाणवले की, मंडळातल्या सहा जणांचे काहीही चुकले असले तरी सातवा दोषी आपण आहोत. त्यांनी सहाही जणांना पत्रे लिहिली, मनातल्या आकसाची कबुली दिली आणि क्षमा मागितली. कोणाचा दोष किती, हा वाद त्या पत्रांनी उकरून काढला नाही. पुढे जगभर पसरलेली एक चळवळ या सहा पत्रांपासून सुरू झाली, असे म्हणायला हरकत नाही.

पण हेच उदाहरण आपल्याला सावधही करते. याच बुकमन यांनी १९३६ मध्ये एका मुलाखतीत हिटलरसारखा माणूस साम्यवादाच्या विरोधात उभा राहिला याबद्दल कृतज्ञता व्यक्त केली होती, आणि ते उद्गार त्यांना जन्मभर चिकटून राहिले. वैयक्तिक पापाविषयी जागरूक असलेला माणूस सामूहिक पापाविषयी आंधळा राहू शकतो, याचा यापेक्षा स्पष्ट पुरावा शोधायला नको. म्हणून आगमनकाळातल्या आत्मपरीक्षणाचे क्षेत्र स्वतःच्या मनापुरते आखून चालत नाही. माझा राग आणि माझा मत्सर यांबरोबर, मी ज्या व्यवस्थेचा लाभ घेतो तिचीही झडती घ्यावी लागते. योहानाने जकातदारांना व्यक्ती म्हणून उत्तर दिले, पण त्या उत्तराने जकातीच्या सगळ्या धंद्यावर बोट ठेवले.

तिसरी हरकत धर्मशास्त्राची आहे. तारण कृपेने मिळते, भरपाईने नाही. मग परतफेडीवर एवढा जोर देणे म्हणजे कर्मकांड मागच्या दाराने आत घेणे नव्हे का? या प्रश्नाला जक्कयाच्या गोष्टीतला क्रमच उत्तर देतो. येशू आधी त्याच्या घरी येतो, जक्कय देण्याची भाषा नंतर करतो. पाहुणा आला तो हिशेब चुकता झाला म्हणून नाही; पाहुणा आला म्हणून हिशेब चुकता करण्याचे बळ आले. कृपा विकत घेता येत नाही, हे खरेच. पण ज्याला कृपा मिळाली आहे तो दुसऱ्याचे देणे बुडवून तिचा उपभोग घेऊ शकत नाही. आणि ज्यांना अपराधभावनेने मन खचेल अशी भीती वाटते, त्यांनाही याच गोष्टीत दिलासा आहे. मन खचते ते उपाय नसलेल्या, धूसर, सतत पोखरणाऱ्या अपराधभावनेने. योहान लोकांना धूसर भावनेत सोडत नाही. एक अंगरखा, एक रक्कम, एक खोटा आळ, असे नेमके काम हाती देतो. नेमके काम पूर्ण होऊ शकते, आणि पूर्ण झाले की माणूस मोकळा होतो.

चौथी हरकत सर्वांत गंभीर आहे, आणि ती टाळून या विषयावर बोलणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. आपल्या भागातल्या मराठी ख्रिस्ती मंडळींत मोठा हिस्सा एकेकाळी अस्पृश्य मानल्या गेलेल्या महार आणि मांग समाजांतून आलेल्या कुटुंबांचा आहे. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना अपवित्र म्हटले गेले, त्यांनाच दर डिसेंबरला तुम्ही पापी आहात म्हणून सांगायचे, हा कुठला न्याय? १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार ख्रिस्ती झालेल्या दलितांना अनुसूचित जातीचा दर्जा मिळत नाही. म्हणजे जातीचा भार उरतो आणि सवलत जाते. नवऱ्याचा मार सोसणाऱ्या बाईला पश्चात्ताप सांगणेही याच जातीचे क्रौर्य आहे. मला वाटते, याचे उत्तर आगमनकाळाच्या चौथ्या आठवड्यात आहे. त्या दिवसांत मरियेचे स्तोत्र वाचले जाते, आणि त्यात बलवान सिंहासनांवरून खाली येतात, दीन वर चढतात, भुकेले तृप्त होतात आणि धनवान रिकाम्या हाताने परततात. पश्चात्तापाची हाक सर्वांना आहे, पण तिचा पहिला पत्ता ज्याच्या हाती सत्ता, पैसा किंवा काठी आहे त्याचा आहे. योहानाने सौम्य शब्द वापरले नाहीत ते धर्माच्या मिरासदारांसाठी. जिच्यावर अन्याय झाला तिला या काळात पश्चात्ताप सांगायचा नसतो. देव येतो आहे आणि तो तिच्या बाजूने येतो आहे, हे तिला सांगायचे असते. आणि मंडळीत आजही लग्न जुळवताना, बसताना-उठताना जी जात पाहिली जाते, तिच्याबद्दल जाहीर पश्चात्ताप करण्याचे काम मंडळीचे आहे.

आता हे सगळे पाचगणी, सातारा आणि सांगलीच्या रोजच्या आयुष्यात कसे उतरते? आगमनकाळ येतो तेव्हा साखर कारखान्यांचा गाळप हंगाम चालू असतो आणि मराठवाड्यातून आलेल्या ऊसतोड जोडप्यांच्या कोप्या फडाशेजारी पडलेल्या असतात. मुकादमाकडून घेतलेल्या उचलीपोटी ती माणसे राबत असतात. स्ट्रॉबेरीच्या शेतांत रोजाने येणाऱ्या बायका असतात, आणि हॉटेलांत सुट्टीच्या गर्दीमुळे दुप्पट काम करणारी मुले असतात. ठरल्यापेक्षा जास्त वसूल करू नका, हा योहानाचा शब्द इथे कोणाला लागू पडतो ते ज्याने त्याने ओळखावे. घराघरांत सातबाऱ्यावरून अबोला धरलेले भाऊ आहेत. वडिलोपार्जित हिश्श्यावरून सही करून घेतलेल्या बहिणी आहेत. मंडळ्यांमध्ये मालमत्तेच्या दाव्यांत अडकलेल्या जमिनी आहेत, आणि त्या दाव्यांच्या दोन्ही बाजूंना त्याच प्रभुभोजनात भाग घेणारे लोक आहेत. नाताळाच्या दिवशी हेच सगळे एका बाकावर बसून शांतीची गाणी गातात. वर्षभर साठलेले हे एका सकाळच्या गाण्याने धुऊन निघत नाही. म्हणून मुदत लागते.

या पुस्तकाची रचना याच क्रमाने केली आहे. पहिल्या आठवड्याची चिंतने जागे होण्याविषयी आहेत: काय चुकले आणि कोणाच्या बाबतीत चुकले, हे नाव घेऊन आठवण्याविषयी. दुसरा आठवडा कबुलीचा आहे. कॅथलिक वाचकाला त्यासाठी प्रायश्चित्त संस्कार आहे, प्रोटेस्टंट वाचकाला पाळक किंवा विश्वासू मित्र. कुणापुढेही असो, ती तोंडाने बोलली जावी. तिसऱ्या आठवड्यात जायचे आहे: पत्र, फोन, भेट, थकलेली मजुरी, परत द्यायची रक्कम, मागे घ्यायचा शब्द. चौथा आठवडा वाट पाहण्याचा आहे, कारण समोरचा माणूस लगेच क्षमा करीलच असे नाही आणि त्याच्यावर तशी सक्ती करण्याचा आपल्याला अधिकारही नाही. त्याचा वेळ त्याला द्यावा लागतो. ज्याने हे चार टप्पे पार केले त्याला नाताळाच्या दिवशी गव्हाणीपुढे उभे राहताना काही लपवावे लागणार नाही. ख्रिस्ती नसलेल्या वाचकालाही यातला क्रम परका वाटू नये, असा प्रयत्न या लेखनात आहे.

वाचकाला एकच विनंती आहे. ही चिंतने एका बैठकीत वाचून संपवू नयेत. पहिल्या रविवारी एक नाव कागदावर लिहावे, ज्या माणसाचे आपण काही देणे लागतो त्याचे, आणि चौथा रविवार उजाडण्याआधी त्याच्या घरी जाऊन यावे. पुस्तक अर्धे राहिले तरी चालेल; ती भेट राहू देऊ नये.